लोड टेस्ट चालू असताना थ्रेडवर नजर कशी ठेवायची

सराव परीक्षेचा निकाल रात्री ८ ला लागणार म्हटलं की लातुरात पावणेआठलाच पोरं मोबाइल घेऊन बसतात. शेजारी आईवडीलही आपापल्या मोबाइलवर तेच पान उघडतात. असा निकाल दाखवणारं एक संकेतस्थळ मागे आम्ही लोड टेस्ट करून, म्हणजे नकली गर्दी पाठवून, तपासून दिलं होतं. १०० जण एकदम आले तरी चालेल, असं लिहूनही दिलं. निकालाच्या रात्री पान उघडेना. जुनी फाइल काढून पाहिली तेव्हा कळलं, आमच्या टेस्टमध्ये एका वेळी १० च्या वर विद्यार्थी कधी नव्हतेच. पोरांचा तो अर्धा तास आमच्यामुळे वाया गेला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हे सगळं अपाची जेमीटर या मोफत साधनाला धरून आहे. यात एक थ्रेड म्हणजे एक नकली वापरकर्ता. टेस्ट फक्त आपल्या किंवा परवानगी असलेल्या सर्व्हरवरच करा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला वेळ आधी कळवा.

आधी कागदावर हिशोब

जेमीटरमध्ये नकली वापरकर्त्यांची मांडणी 'थ्रेड ग्रुप'मध्ये होते. तिथे तीन आकडे भरायचे असतात: थ्रेड किती, ते किती सेकंदांत सुरू व्हावेत (रॅम्प-अप) आणि प्रत्येकाने काम किती वेळा करावं (लूप). आम्ही १०० थ्रेड, २०० सेकंद रॅम्प-अप आणि लूप १ असं भरलं होतं. म्हणजे दर २ सेकंदांनी एक नवा थ्रेड. एका विद्यार्थ्याचं लॉगिन, आसन क्रमांक, निकाल हे सगळं २० सेकंदांत उरकत होतं. अकरावा थ्रेड आत येईपर्यंत पहिला काम संपवून बाहेर. २० भागिले २, एका वेळी १० जण. एकूण १०० आले खरे, पण एकत्र कधीच नाही.

उपाय सोपा आहे. लूप अमर्याद ठेवा आणि टेस्ट किती वेळ चालवायची ते सेकंदांत ठरवून द्या. तो वेळ रॅम्प-अपपेक्षा बराच जास्त हवा, म्हणजे सगळे आत आल्यावर निदान १५-२० मिनिटं बघायला मिळतात.

टेस्ट खिडकीशिवाय चालवा

जेमीटरची खिडकी टेस्ट तयार करण्यापुरती. खरी टेस्ट कमांड लाइनवरून चालवा आणि प्रत्येक विनंतीचं उत्तर दाखवणारा 'व्ह्यू रिझल्ट्स ट्री' बंद ठेवा, तो मेमरी खातो. आपल्या लॅपटॉपचा सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला, तर दिसणारा उशीर सर्व्हरचा की लॅपटॉपचा हे सांगता येत नाही. तेव्हा टेस्ट थांबवा, दुसरं मशीन जोडा.

तीन आकडे वाचा

टेस्ट सुरू झाली की पडद्यावर साधारण दर ३० सेकंदांनी सारांशाची ओळ येते. तिच्या शेवटी तीन आकडे असतात: अॅक्टिव्ह (आत्ता आत असलेले थ्रेड), स्टार्टेड (आतापर्यंत सुरू झालेले), फिनिश्ड (बाहेर पडलेले). माझी नजर आधी तिथे जाते. रॅम्प-अप चालू असताना अॅक्टिव्ह आणि स्टार्टेड हातात हात घालून चढले पाहिजेत आणि फिनिश्ड शेवटपर्यंत ० राहिला पाहिजे.

फिनिश्ड मध्येच वाढायला लागला तर दोन जागा बघा. एक, आसन क्रमांकांची सीएसव्ही फाइल, म्हणजे थ्रेड जिथून एकेक क्रमांक उचलतात ती साधी यादी. क्रमांक संपल्यावर थ्रेड थांबवायचा, असा पर्याय तिथे असतो. तो चालू असेल तर फाइल संपताच एकेक थ्रेड गळतो. दोन, चूक आली की काय करायचं, ही थ्रेड ग्रुपमधली निवड. तिथे 'थ्रेड थांबवा' असेल तर पहिल्याच चुकीला तो थ्रेड बाहेर पडतो, गर्दी कमी होते आणि पुढचे आकडे विनाकारण छान दिसतात.

अॅक्टिव्ह म्हणजे भार नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. उन्हाळ्यात गावात टँकर आला की शंभर घागरी रांगेत लागतात. घागरी शंभरच, पण पाणी किती निघतंय ते पाइपावर ठरतं. थ्रेडचंही तसंच.

समजा १०० थ्रेड आहेत, पान १ सेकंदात येतं आणि पुढच्या क्लिकआधी विद्यार्थी ९ सेकंद थांबतो. एक फेरी १० सेकंदांची, म्हणजे सर्व्हरवर सेकंदाला १० विनंत्या. आता सर्व्हर दमला आणि पानाला ११ सेकंद लागू लागले. फेरी २० सेकंदांची झाली, विनंत्या सेकंदाला ५ वर आल्या. अॅक्टिव्ह मात्र अजूनही १००. आधी १०० पैकी साधारण १० जण उत्तराची वाट बघत होते, आता ५५.

म्हणून अॅक्टिव्ह, सेकंदाला विनंत्या आणि पान यायला लागणारा वेळ हे तिन्ही एकत्रच बघा. थ्रेड वाढतायत, विनंत्या वाढत नाहीत आणि वेळ चढतोय, तिथे सर्व्हरची मर्यादा आली. त्या क्षणी सर्व्हरकडचे थ्रेडही मोजा; हे नकली वापरकर्ते नव्हेत, आलेल्या विनंत्या हाताळणारे सर्व्हरचे कामगार. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमध्ये, सेटिंग बदललं नसेल तर, काम करणारे थ्रेड जास्तीत जास्त २०० असतात. ते सगळे अडकले असतील तर ते डेटाबेसची वाट बघतायत का हे आधी तपासा. नुसता आकडा वाढवून बहुतेक वेळा रांगच लांबते.

शेवटी अडकलेले थ्रेड

कधी कधी टेस्टची वेळ संपली, तरी अॅक्टिव्ह, समजा ३ वर, कितीतरी वेळ अडून बसतो. ते तीन थ्रेड न आलेल्या उत्तराची वाट बघत असतात, कारण विनंतीला टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची याची मर्यादा, दिलेला नसतो. लगेच बंद करू नका. आधी जावासोबत येणारी 'जेस्टॅक' ही कमांड जेमीटरवर चालवून थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतोय याची यादी, घ्या. त्यात थ्रेड ग्रुपचं नाव आणि क्रमांक शोधला की तो नेमका कुठे थांबलाय ते दिसतं. बहुधा सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी, वाचण्याच्या ओळीवर. जेमीटरच्या नोंदींच्या फाइलमधून त्याच थ्रेडची शेवटची नोंद काढा, सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच वेळ शोधा. आमच्या वेळी तिन्ही थ्रेड गुणपत्रिकेची पीडीएफ मागून थांबले होते.