हार्ड डिस्क वारंवार जात असेल तर : नवी बसवण्यापूर्वी करावयाची तपासणी

घरच्या संगणकातील एखादी हार्ड डिस्क निकामी झाली, तर तो त्या डिस्कचा दोष मानता येतो. मात्र दोन वर्षांत तिसरी डिस्क गेली, तर दोष डिस्कमध्ये शोधणे थांबवावे आणि तिन्ही वेळा न बदललेले असे संगणकात व घरात काय होते, ते पाहावे. परभणीला आमच्या घरी नेमके हेच घडले. पहिली डिस्क मे महिन्यात गेली म्हणून आम्ही उन्हावर खापर फोडले. दुसरी वॉरंटीत बदलून मिळाली म्हणून विषय तिथेच सोडला. तिसरी पाच महिन्यांत टिकटिक करू लागली, तेव्हा लक्षात आले की डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकली, पण एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा), केबल आणि भिंतीवरचा बोर्ड जुनेच राहिले होते.

तपासणीपूर्वी डेटा वाचवावा. डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा आणि महत्त्वाचा डेटा असल्यास तो पुन्हा सुरू न करता डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्याकडे द्यावा. आवाज येत नसेल, पण फाइली उघडायला फार वेळ लागत असेल, तर सर्वांत मोलाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. या अवस्थेत चेकडिस्क किंवा डीफ्रॅग (डिस्क तपासणारा आणि तिच्यावरील फाइली नव्याने रचणारा प्रोग्राम) चालवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात मरणासन्न डिस्कला आपला प्रत्येक कोपरा पुन्हा वाचावा लागतो आणि उरलेले आयुष्य त्यातच संपते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही कोणी ना कोणी देतो. तो ऐकू नये.

डेटा सुरक्षित झाल्यावर डिस्कचीच साक्ष घ्यावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. या प्रोग्राममधले मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणजे तिथे १० लिहिलेले असेल तर ते प्रत्यक्षात १६ असते. सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडून मगच अर्थ लावावा. ०५ या ओळीत बदली केलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे कप्पे), सी५ मध्ये वाचता न आल्यामुळे अनिर्णित राहिलेले सेक्टर आणि सी६ मध्ये दुरुस्त न होणारे सेक्टर मोजलेले असतात. हे आकडे वाढत असतील, तर डिस्कच्या तबकडीला किंवा वाचणाऱ्या हेडला इजा झाली आहे असे समजावे. सी७ ची गोष्ट वेगळी आहे. तिथे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेला डेटा मोजला जातो, त्यामुळे ०५ आणि सी५ शून्य असून सी७ वाढत असेल, तर बहुधा डिस्क निरोगी असते आणि केबल किंवा तिचा सॉकेट आजारी असतो. अशा कितीतरी चांगल्या डिस्का दुकानात ‘गेली’ म्हणून जमा होत असाव्यात असा मला दाट संशय आहे. काही कंपन्यांच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींचे आकडे दिसतात. त्या आकड्यांना घाबरू नये.

सी० ही ओळ आपल्या भागात विशेष बोलकी आहे. वीज अचानक तुटल्यामुळे हेड घाईघाईने जागेवर परतले, असे किती वेळा झाले, ते बहुतेक डिस्कांत तिथे कळते. लाइट फारशी गेलेली नसताना हा आकडा वाढत असेल, तर वीज घरात आहे, पण डिस्कपर्यंत नीट पोहोचत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद संगणक नीट बंद न होता पडल्याचे सांगते. तिच्या तारखा आणि डिस्क बिघडल्याच्या तारखा एका वहीत शेजारी शेजारी लिहाव्यात. मात्र स्मार्ट स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

यानंतर कॅबिनेट उघडावे. डेटा केबल नवी घालावी. ती स्वस्त असते, त्यामुळे जुनीची परीक्षा घेत बसण्यात अर्थ नाही. विजेची जोडणी अधिक बारकाईने पाहावी. एसएमपीएसला साटा कनेक्टर (डिस्कला वीज देणारे चपटे जोड) कमी पडले, की चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवर छोटा कन्व्हर्टर जोडून काम भागवले जाते. आमच्या संगणकात तसाच एक होता. तो हाती घेतला तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकच्या कडेला पिवळी वायर जिथे आत शिरते, तिथे बोटाच्या नखाएवढा तपकिरी डाग पडलेला दिसला आणि वायर हलवली की ती आत सैल फिरत होती. असा कन्व्हर्टर फेकून द्यावा. सैल जोड तापतो आणि प्रसंगी पेट घेतो.

एसएमपीएस तपासण्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. त्याचा काळा प्रोब मोकळ्या चार पिनी कनेक्टरच्या काळ्या वायरवर आणि लाल प्रोब आधी पिवळ्या, मग लाल वायरवर टेकवावा. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट असतात आणि त्यावर मोठ्या डिस्कची मोटर फिरते. लाल वायरवर ५ व्होल्ट असतात आणि त्यावर तिचे इलेक्ट्रॉनिक्स चालते. दोन्हीकडे पाच टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. मोजमाप संगणक नुसता सुरू ठेवून करू नये. एखादी मोठी फाइल कॉपीला लावावी, जोडीला व्हिडिओ किंवा गेम चालवावा आणि मग पाहावे. आमच्याकडे रिकाम्या संगणकावर ११.८ दिसत होते आणि भार येताच आकडा ११.२ पर्यंत उतरत होता, त्यामुळे एसएमपीएस बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातील कॅपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरतो.

नवा एसएमपीएस बसवूनही भिंतीमागचा दोष तसाच राहू शकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे. एसएमपीएसमधील फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब उभा राहतो. वायरमनकडून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे मोजून घ्यावेत. पहिले दोन जवळजवळ सारखे यावेत आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते, म्हणून त्या दिवसांत खड्ड्यात नियमित पाणी घालावे. एक्स्टेंशन बोर्डही खोलून पाहावा. आमच्या बोर्डातली हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेली निघाली. स्पाइक गार्डमधील संरक्षणाचा काही भाग अर्थवरच अवलंबून असतो, त्यामुळे अशा बोर्डावर तो अर्धामुर्धाच काम करतो.

गावात किंवा शेतवस्तीवर घर आणि शेतीपंपांच्या मोटारी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असतील, तर मोटारी सुरू होताना व्होल्टेज दबते, आणि डीपीवरचा न्यूट्रल तुटल्यास घरात थेट ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. इन्व्हर्टर आहे म्हणून हा धोका टळत नाही. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असते : एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज तशीच पुढे सोडतो आणि बॅटरीवर जायलाही अधिक वेळ घेतो; वीज तुटल्यावर एसएमपीएस जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. बटण यूपीएसकडे ठेवावे, आणि व्होल्टेज फार खालीवर होत असेल, तर संगणकासाठी स्वतंत्र लाइन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार स्वतः सावरणारा, यूपीएस घ्यावा.

उष्णतेवर सर्वांचा पहिला संशय जातो. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात मात्र अतिशय तापमान वगळता उष्णता आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा कमकुवत आढळला. तरीही पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात सी२ मधील तापमान ५० च्या वर जात असेल, तर डिस्कसमोर पंखा बसवावा. माळवदाच्या घरात वरून माती झरते, म्हणून कॅबिनेट दर दोन महिन्यांनी ब्लोअरने साफ करावे. कुलरचा झोत संगणकावर कधीही घेऊ नये, कारण बोरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार कनेक्टरवर पांढरा थर धरतात. कुलरची मोटर संगणकाच्या बोर्डावरही लावू नये.

डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवावी आणि चालू संगणक सरकवू नये.

इतके झाल्यावरच नवी डिस्क बसवावी आणि पहिल्याच दिवशी तिच्या ०९ या ओळीतले चालू तास पाहावेत. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले, तर ती वापरलेली आहे, आणि बिल हाती असतानाच ती परत करावी. वॉरंटीत बदलून आलेली डिस्क पुष्कळदा दुरुस्त करून पाठवलेली असते, म्हणून तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नये. ०५, सी०, सी५, सी६ आणि सी७ यांचे आकडे त्याच वहीत तारखेसह उतरवून ठेवावेत आणि पहिला महिनाभर दर रविवारी पुन्हा पाहावेत. सी७ वाढला तर केबलकडे, सी० वाढला तर विजेच्या जोडणीकडे परत जावे.