बॅकअप असूनही उपकरणे का जळतात? या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर माडाची झावळ विजेच्या तारांवर पडली, की गोव्यातल्या गावांत दिवे कधी मंद होतात, तर कधी अचानक प्रखर. अशा वेळी घरात इन्व्हर्टर असल्यामुळे टीव्ही आणि फ्रीज सुरक्षित आहेत असे मानणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. वीज चालू असेपर्यंत साधा इन्व्हर्टर ती जशी येईल तशीच पुढे सोडतो. त्याचे खरे काम वीज गेल्यानंतर सुरू होते.

बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते. हे बटण साध्या मोडवर असेल, तर सुमारे १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज थेट उपकरणांत शिरते. यूपीएस मोडमध्ये मात्र व्होल्टेज साधारण १८० ते २६० च्या बाहेर जाताच इन्व्हर्टर बॅटरीवर येतो. शेजाऱ्यांकडे दिवे जळत असताना आपला इन्व्हर्टर बॅटरीवर गेला, तर तो बिघडला असे समजून अनेकजण मोड बदलतात आणि असलेले संरक्षणही गमावतात. व्होल्टेज वारंवार कमी होत असेल, तर त्यावरचा उपाय योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे यंत्र) हा आहे.

संगणकाच्या छोट्या यूपीएसवर, म्हणजे वीज जाताच संगणक काही वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या पेटीवर, लेझर प्रिंटर किंवा फ्रीज जोडू नये. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, आणि फ्रीजची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचते. वीज जाताच यूपीएस काही सेकंदांत बंद पडत असेल, तर आधी बॅटरीचे वय पाहावे. आपल्या उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत थकते.

अर्थिंगकडे तर कोणी पाहतच नाही. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली, की अर्थिंगचा रोध वाढतो आणि सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे उपकरण) निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घ्यावी. विजा कडाडू लागण्यापूर्वीच प्लगसोबत केबल आणि इंटरनेटची तांब्याची तारही काढून ठेवावी, कारण आकाशातली वीज त्या वाटेनेही घरात येते.

थ्री-फेज जोडणीच्या घरात काही दिवे प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल, म्हणजे विद्युतप्रवाह परत नेणारी तार, तुटल्याची शक्यता असते. तेव्हा एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि तो घरगुती स्टॅबिलायझरला आवरत नाही. लगेच मेन स्विच बंद करून वीज खात्याला कळवावे.