परसबागेत फुले भरपूर, फळ मात्र नाही: या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या भागात घरोघरी परसात कोहळे, दोडके आणि लवकीचे वेल चढतात. श्रावण सरता सरता ‘फुले भरपूर आहेत, पण फळ धरत नाही’ ही तक्रार सुरू होते. बहुतेक ठिकाणी चौकशीअंती एकच गोष्ट निघते, ती म्हणजे कपाशीवर मारून उरलेले औषध परसबागेवरही फिरवलेले असते. गेल्या खरिपात मावा ही रस शोषणारी बारीक कीड दिसताच आमच्या एका शेजाऱ्यांनी हेच केले. मावा मेला, त्याला खाणारे ढालकिडे मेले आणि मधमाश्याही फिरकेनाशा झाल्या. कोहळ्याच्या मादी फुलाखालची इवलीशी फळे पिवळी पडून गळत राहिली आणि पुढे मावा दुप्पट जोमाने परतला. तेव्हा त्यांनी कृषी केंद्रातून टॉनिक आणले! परागीभवनच झाले नाही, तिथे टॉनिक काय करणार?

‘मधमाश्या नसतात म्हणून आम्ही सायंकाळी फवारतो’ हे समर्थनही पुरते खरे नाही. कोहळ्याचे फूल पहाटे उमलते, परंतु दोडका आणि लवकी सायंकाळी फुलतात. शिवाय 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे ठाऊक असूनही ताटातल्या भाजीवर ते औषध मारावेसे कसे वाटते, हे मला कळत नाही. मी मावा लागलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवतो. मधमाश्या कमी दिसल्यास सकाळीच कोहळ्याचे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवतो.

लिंबावर किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली की लोक ती चिरडतात. ती बहुधा फुलपाखराची असते. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडावी, मोठ्या झाडाचे चार पानांनी काही बिघडत नाही.

पालापाचोळा जाळू नये, झाडाभोवतीच्या आळ्यात पसरावा. तरोटा आणि चिवळ सरसकट उपटू नये, त्यांची भाजी होते. तणनाशकाचा पंप तर परसात आणूच नये. उतावळ्यांना खुरपे जड वाटते, पण त्याच पंपाने पुढे दुसरे काही फवारले तरी आत राहिलेल्या अंशाने वालाची पाने आकसतात.