गावच्या मैदानावर बँडपथकाची आकृतिबंध कवायत कशी बसवावी

शाळेच्या बँडपथकाला सरळ रांगेत चालवण्यापलीकडे काही शिकवायचे असेल, तर अमेरिकेतील ड्रम कोअरची कवायत नीट पाहावी. पितळी सुषिर वाद्ये, ढोल आणि झेंडेकरी यांचे हे तरुण पथक सुमारे ९१ मीटर लांब व ४९ मीटर रुंद अशा फुटबॉल मैदानावर वाजवत वाजवत आकृत्या बदलत जाते. ड्रम कोअर इंटरनॅशनल या तिथल्या संस्थेची अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे सुरू झाली. पुढे गारफील्ड कॅडेट्स या पथकाने १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षे ती जिंकली; त्यांचे रचनाकार जॉर्ज झिंगाली यांनी मैदानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखीच आकृती ठेवण्याची जुनी पद्धत सोडून वाहत्या, असमान वक्ररेषांची कवायत रूढ केली.

मात्र या रचना जशाच्या तशा उचलू नयेत. तिकडचा प्रेक्षक उंच पायऱ्यांवर बसतो, म्हणून स्टार ऑफ इंडियाना या पथकाने १९९१ मध्ये एका क्रुसातून दुसरा क्रूस उलगडला तेव्हा तो त्याला स्पष्ट दिसला. आमच्याकडे, यवतमाळच्या खेड्यांत, २६ जानेवारीला गावकरी सतरंजीवर बसतात किंवा शाळेच्या ओट्यावर उभे राहतात. पहिल्या वर्षी मी पंधरा दिवस घालवून मुलांकडून कमळाची आकृती बसवून घेतली. ती शाळेच्या गच्चीवरून फार सुंदर दिसत होती, पण सतरंजीवरून मुलांचा नुसता घोळका दिसला. म्हणून आधी प्रेक्षकाच्या जागी खाली बसावे आणि तिथून जे दिसेल तेवढेच बसवावे. जमिनीच्या पातळीवरून खोली कळत नाही; रुंदी, दिशाबदल, दोन रांगांचे एकमेकींतून जाणे आणि अंगावर येणारी चाल या गोष्टी मात्र लख्ख कळतात.

त्यानंतर पावलाचे माप ठरवावे. एनसीसीच्या तेज चालीत पाऊल ३० इंचांचे, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरचे असते आणि गती मिनिटाला १२० पावलांची. सातवी-आठवीच्या मुलांना गती जमते, पण एवढे लांब पाऊल टाकताना त्यांचे खांदे हलतात आणि बासरीचा सूर तुटतो. ड्रम कोअरमध्ये पाच यार्डांत आठ पावले टाकतात, म्हणजे एक पाऊल सुमारे ५७ सेंटिमीटरचे होते. हेच माप आपल्या मुलांना सोसते. जाड सुतळीला दर ५७ सेंटिमीटरवर गाठ मारून ती जमिनीवर ताणावी आणि मुलांना गाठीगाठीवरून चालवावे. आधी टाच टेकवून मग तळवा पुढे लोळवावा. मागे चालताना टाच उचलून चवड्यावर चालावे. मैदानावर दर आठ पावलांवर फक्कीने रेघ आखली की प्रत्येक मुलाला आपली जागा रेघेवरून सांगता येते. आमच्या काळ्या मातीला हिवाळ्यात भेगा पडतात. त्या आधी बुजवून वर पाणी शिंपडावे, कारण गळ्यात ढोल असलेल्या मुलाला पायाखालचे दिसत नाही.

सर्वांत परिणामकारक रचना म्हणजे सलग फळी. तिकडे तिला कंपनी फ्रंट म्हणतात. सगळे पथक एकाच आडव्या रांगेत उभे राहून प्रेक्षकांच्या दिशेने चालत येते. चोवीस मुले एकेक मीटरवर उभी केली तर २३ मीटरची फळी होते आणि खाली बसलेल्या माणसाची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून जाते. रांग धरण्यासाठी सर्वांनी मधल्या मुलाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहावे, टोकाच्या मुलाकडे नव्हे. टोकाला झालेली चूक साऱ्या रांगेतून वाहत जाते, मधली चूक अर्ध्यातच राहते. फळी एकदम दाखवू नये. आधी पथक चार-चारच्या सहा ओळींत दाटून उभे ठेवावे, वादन दबके ठेवावे आणि मग कडेच्या मुलांना आधी निघायला सांगून सोळा ते चोवीस मोजण्यांत (एक मोजणी म्हणजे एक पाऊल) घडी उलगडावी. फळी पूर्ण होते त्याच मोजणीला सगळी वाद्ये मोकळी सुटली पाहिजेत.

दुसरी रचना फाटकाची. रांगेचे एक टोक, म्हणजे खुंट, जागेवर ठेवून बाकी रांग दारासारखी फिरवायची. इथे गणित चुकले की रांग वाकते. आठ मुले एकेक मीटरवर असतील तर शेवटचे मूल खुंटापासून सात मीटरवर असते आणि पाव फेरीत ते ११ मीटर चालते. सोळा मोजण्यांत तेवढे अंतर कापायचे तर पाऊल ६९ सेंटिमीटरचे होते, म्हणजे त्या मुलाला न सोसणारे लांब पाऊल टाकावे लागेल. मोजण्या वीस केल्या की पाऊल ५५ सेंटिमीटरवर येते. किंवा रांगेत सहाच मुले घेतली तर सोळा मोजण्या पुरतात. आमचा खुंटावरचा मुलगा तक्रार करायचा, “सर, मी तं जाग्यावरच चालून रायलो, तरी रांग माह्यापाशीच तुटते.” मी वाकून त्याचे पाय पाहिले. तो कदमताल बरोबर करत होता, पण दर चार मोजण्यांनी चार बोटे पुढे सरकत होता. त्याच्या पायाशी फक्कीचा गोल काढून दिला आणि वळण्याचे कोन चार टप्प्यांत वाटून दिले, तेव्हा रांग काठीसारखी सरळ फिरली. खुंटावर चपळ मूल नको, शांत मूल हवे.

तिसरी रचना म्हणजे समोरासमोरच्या दोन रांगांनी एकमेकींतून आरपार जाणे. दोन मुलांमध्ये दोन पावलांचे अंतर ठेवून दुसरी रांग एक पाऊल बाजूला सरकवली की प्रत्येक मूल समोरच्या फटीतून जाते. भेटीच्या मोजणीला सर्वांनी उजवा खांदा पुढे करावा, म्हणजे ढोलाला ढोल लागत नाही. मोठ्या ढोलवाल्याला या रचनेत घेऊच नये. त्याला मागे, मध्यभागी उभा करावा.

त्याला मागे ठेवण्याचे आणखी मोठे कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे ६० मीटर लांब मैदानाच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला साधारण ०.१८ सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे असते, म्हणजे पाऊल एकतृतीयांशाहून अधिक मागे पडते. मुलांनी शेजारच्या टोकाचे ऐकून वाजवले तर पथक फाटते. सर्वांनी पाठीमागून येणारा ढोल ऐकावा आणि समोरच्या पथकप्रमुखाच्या हाताकडे पाहावे. खांबावरचा कर्णा त्या वेळी बंद ठेवण्याची विनंती सरपंचांना आदल्या दिवशीच करून ठेवावी.

सराव दिवाळीच्या सुटीनंतर सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते, त्यामुळे रोज तीन-चार मुले गैरहजर राहतात. त्यांच्या जागी रांग सरकवून घेऊ नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या जागा चुकतात. तिथे वीट ठेवावी आणि रचना हलते तशी पुढच्या जागेवर दुसरी वीट आधीच मांडून ठेवावी. रागावू नये, ते मूल घरच्या कामाला गेलेले असते. पहिले आठ दिवस वाद्यांशिवाय, तोंडाने मोजत चालवावे. मग नुसता साइड ड्रम आणि शेवटी सगळी वाद्ये घ्यावीत.

ध्वजवंदनाच्या आदल्या संध्याकाळी फक्कीच्या सगळ्या रेघा पुसाव्यात आणि दोनच खुणा राहू द्याव्यात: खुंटाचा गोल आणि सतरंजीपासून दहा पावलांवरची, फळी जिथे थांबणार ती रेघ. त्या रेघेवर सगळे डावे पाय एकदम टेकावेत, उजवे त्यांना येऊन मिळावेत आणि पुढची एक पूर्ण मोजणी कोणीही वाद्य खाली करू नये.