चवडा दुखतोय? आधी जागा शोधा

फिजिओथेरपिस्ट म्हणून मी पेशंटला आधी अंगठ्याने दाबून दुखरी जागा शोधायला लावते. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी हाडावरच दुखलं, तर बहुधा तिथे भार जास्त पडतोय. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये दुखून मुंग्या येत असतील, बुटात खडा अडकल्यासारखं वाटत असेल, तर नस दबत असावी. पायावर वरून सूज आणि एकाच ठिकाणी कळ असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तरीही थेट डॉक्टरच.

उंच टाचा, निमुळते बूट बंद. मेटाटार्सल पॅड (चवड्याला आधार देणारी बुटातली छोटी गादी) दुखऱ्या जागेखाली नव्हे, तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला लावा. बहुतेकांचं इथेच चुकतं. भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता पोटऱ्या ताणा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं.