पेट-सीटीला येताना या चुका टाळा

मिरजेत पेट-सीटीच्या, म्हणजे मुख्यतः कॅन्सरच्या गाठी शोधणाऱ्या स्कॅनच्या, कामावर असल्यामुळे जत, आटपाडी, पार अथणीकडचेही पेशंट रोज भेटतात. चुका मात्र त्याच त्याच. त्यात पहिला नंबर चहाचा.

पेट-सीटीत एफडीजी टोचतात. हे किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं, ग्लुकोजसारखंच औषध असतं. ज्या पेशी साखर जास्त ओढतात तिथं ते साचतं आणि चित्रात चमकतं. तुम्ही आधीच काही खाल्लं की इन्शुलिन वाढतं, औषध स्नायूंकडं वळतं आणि गाठ फिकी पडते. म्हणून निदान 4 ते 6 तास साध्या पाण्याशिवाय काहीही नाही. बिनसाखरेचा चहा नको, त्यात दूध असतंच. बडीशेपही नको.

मागं जतकडचे एक काका पहाटेच्या एसटीनं आले. मधुमेह जुना. "रात्रीपासून उपाशी आहेत," असं मुलगा छातीठोक सांगत होता. बोटातलं रक्त तपासलं तर साखर 260. आम्ही 200 च्या वर एफडीजीचा डोस देत नाही. खोदून विचारल्यावर काका म्हणाले, "स्टँडवर एक कप घेतला की, त्यानं काय हुतंय?" मुलगा लगेच म्हणाला, "मग इन्शुलिन टोचा आणि उरका की." हा शॉर्टकट मला अजिबात चालत नाही. ऐनवेळी इन्शुलिन दिलं की औषध स्नायूंतच शिरतं आणि स्कॅन वाया जातो. औषध उद्यासाठी ठेवूनही भागत नाही, दर 110 मिनिटांना त्याची ताकद निम्मी होते. काकांना नवी तारीख घ्यावी लागली, उपचार लांबले. मधुमेहाची गोळी आणि इन्शुलिन कधी घ्यायचं, कधी थांबवायचं, हे तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक आपल्या भागातली. तासगाव-पलूसकडं ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माणूस आदल्या दिवशीही बागेत असतो. दिवसभर मांडवाखाली हात वर करून कात्री चालवायची आणि सकाळी स्कॅनला यायचं. मग खांदे, दंड, मानेचे स्नायू असे उजळतात की तिथली बारीक गाठ ओळखणं अवघड होतं. आदले 24 तास अंगमेहनत बंद, चालायचा व्यायामसुद्धा. डोस दिल्यावर तासभर गप्प पडून राहायचं. बोललात तर घशाचे स्नायू चमकतात, म्हणून मी मोबाईल नातेवाइकाकडं द्यायला लावतो. थंडीत मोटरसायकलवर कुडकुडत आलात तर मानेजवळची विशिष्ट चरबीही उजळते. स्वेटर घाला.

टेबलावर जायच्या आधी लघवीला जाऊन या. जुने रिपोर्ट आणि सीडी आणाच, तुलनेशिवाय अर्धी गोष्ट कळत नाही. केमो किंवा रेडिएशन झालं असेल तर शेवटची तारीख सांगा.

रिपोर्ट हातात पडताच पार्किंगमध्येच मोबाईलवर अर्थ शोधणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो, चमकलं म्हणजे कॅन्सर असं नाही. मेंदू नेहमीच चमकतो. औषध लघवीवाटे जातं म्हणून मूत्रपिंड आणि मूत्राशयही चमकतात. टीबीच्या गाठीसुद्धा चमकतात, म्हणून तर डॉक्टर तुकडा तपासायला सांगतात.

आणि काही त्रास नसताना नुसत्या भीतीपोटी "फुल बॉडी स्कॅन करून टाकू" म्हणू नका. पेट-सीटीत किरणोत्सर्ग होतोच. एमआरआयमध्ये तो नसतो, पण निरुपद्रवी गाठी सापडतात आणि पुढं तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागतं. लक्षणं नसलेल्यांनी असा एमआरआय करावा असं सांगण्याइतका पुरावा नाही, हे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं 2023 मध्येच स्पष्ट केलंय.

सोबत गरोदर सुनेला किंवा लहान पोरांना आणू नका. स्कॅननंतर भरपूर पाणी प्या आणि त्या दिवशी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ नका. अंगावर पाजणारी आई असेल तर तारीख घेतानाच आम्हाला सांगा.