पेनल्टी हुकते ती बहुधा धाव घेण्याआधीच: या चुका टाळा

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद, चेंडू ११ मीटरवर. ताशी ९० किलोमीटरने मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत रेषेवर पोचतो. चेंडू कुठे निघालाय ते बघून मग झेप घेणाऱ्या गोलकीपरला कोपरा गाठणं जवळपास अशक्य. तरी पेनल्टी हुकतात.

सगळ्यात महागात पडते ती घाई. नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटचे, म्हणजे बरोबरी सुटेना म्हणून आळीपाळीने मारलेल्या पेनल्टींचे, व्हिडिओ तपासले. शिट्टी वाजताच धाव घेणारे जास्त वेळा हुकवतात असं त्यांना आढळलं, आणि या घाईत इंग्लंडवाले सगळ्यांच्या पुढे होते. ‘एकदाचं उरकून टाकू’ असं वाटणं साहजिक आहे, पण शिट्टी ही फक्त परवानगी असते. एक लांब श्वास घ्या, मग निघा.

याउलट गोलकीपर तुम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवतो, तेव्हाही डोकं शांत हवं. २०२२च्या विश्वचषक फायनलमध्ये अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने चेंडू लांब भिरकावला. फ्रान्सच्या चुआमेनीला तो आणायला जावं लागलं, आणि त्याचा फटका गोलबाहेर गेला. म्हणून शूटआउटमध्ये चेंडू आपल्याच गोलकीपरकडून हातात घ्यावा. तो तिथे जवळच उभा असतो.

दुसरी चूक म्हणजे धावता धावता बेत बदलणं. गोलकीपर आधी हलेल, मग मारू, ही पद्धत वाईट नाही. पण ती रोज घोटलेली असावी लागते. २०२१च्या युरो फायनलमध्ये इंग्लंडचा रॅशफर्ड थबकत थबकत आला, इटलीचा गोलकीपर डोनारुम्माला त्याने चुकीच्या बाजूला पाठवलंही, आणि चेंडू खांबावर आदळला. शेवटच्या मिनिटाला मैदानात उतरलेल्या खेळाडूकडून एवढी कारागिरी मागणं मला तरी जुगार वाटतो. आपल्या गावच्या स्पर्धेत तर कोपरा आधीच ठरवा, आणि गोलकीपर काहीही नाचू दे, तिथेच मारा. घाबरलेल्या खेळाडूची नजर गोलकीपरवर खिळते, आणि फटकाही त्याच्याच जवळ जातो.

मधोमध मारायला लाज वाटते का? इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या. गोलकीपर मध्येच उभा राहिला असं जेमतेम ६ टक्के वेळा घडलं. म्हणजे मधली जागा बहुतेक वेळा मोकळीच.

तंत्रात बघायचा तो आधाराचा, म्हणजे चेंडूशेजारी रोवायचा पाय. २००८मध्ये मॉस्कोच्या पावसात जॉन टेरीचा हाच पाय घसरला आणि चेल्सीचा चॅम्पियन्स लीग चषक हातचा गेला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या चिखलात हे सर्रास होतं. चेंडू ठेवण्याआधी शेजारची जमीन बुटाने दाबून बघा. मारताना मागे झुकाल तर चेंडू आडव्या खांबावरून जाईल. आणि धाव संपल्यावर मारण्याची हूल देऊ नका, पिवळं कार्ड मिळतं. धावताना थबकलेलं चालतं.

रिटेकचा, म्हणजे तीच पेनल्टी पुन्हा मारावी लागण्याचा, विचार मात्र सहसा कुणी करत नाही. मार्च २०२२, फातोर्डा, इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल. केरला ब्लास्टर्सच्या निशू कुमारची पेनल्टी हैदराबादकडून खेळणाऱ्या गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने अडवली. त्याने आधीच गोलरेषा सोडल्यामुळे ती पुन्हा घ्यायला लावली, तर कट्टीमनीने तीही अडवली. सरावात एखाद्या फटक्यानंतर मित्राला अचानक ‘रिटेक’ ओरडायला सांगा. दुसऱ्यांदा कुठे मारायची, हे पहिली मारण्याआधीच ठरलेलं असू द्या.